उभी राहून झिजलेली गाडी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

गाडी सुरू ६.००, बंद ६.०५.

आज लुईसकाकांचा दफनविधी झाला. वय ९१. आमच्या आळीच्या सांत्वन मंडळाच्या शववाहिनीची देखभाल गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे, तेव्हा जे झालं त्याची नोंद मीच करायला हवी. घरापासून चर्चपर्यंत सव्वा किलोमीटर. गाडी पुढे, गायनमंडळ मागे, त्यामागे सगळी आळी. दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला गाडीने निळा धूर सोडला. थोडाथोडका नाही. आधी पुढच्या रांगेतल्या बायका खोकल्या, मग मागचे पुरुष. उरलेलं कडवं एकट्या पॉलने गायलं, कारण तो कडेने चालत होता. पॉल मंडळाचा सचिव आहे. त्याचा आवाज चांगला नाही.

लुईसकाका स्वतः दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढायचे, पण तरी हे बरं दिसलं नाही.

गाडी हरेश्वर चालवत होता. आमच्यात मयताच्या दिवशी कोणी वाहनात बसत नाही. ताप असला तरी चालायचं, म्हातारे असले तरी चालायचं. त्यामुळे ड्रायव्हर आळीबाहेरचाच लागतो. हरेश्वर खाडीकडच्या गावातला, भातशेती करणारा, आणि पहिल्या दिवसापासून हीच गाडी चालवतो. चपला काढून चालवतो. सगळी गीतं त्याला पाठ आहेत, पण तो म्हणत नाही.

चर्चशेजारच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर मी नेहमीप्रमाणे गाडीपाशी थांबलो. गाडी सोडून आत जाता येत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुरू ६.००, बंद ६.०५.

ऑईल पाहिलं. कांडीवर निम्म्याच्याही खाली. दोन महिन्यांपूर्वी मीच भरलं होतं. गाडीखाली गळती नाही, कागद पसरून पाहिलं. मग ऑईल गेलं कुठे?

एकूण किलोमीटर सहा हजार दोनशे बारा. सहा वर्षांत. नालासोपाऱ्याच्या रिक्षा एवढं दोन महिन्यांत करतात आणि धूर सोडत नाहीत. शिवाय मी गाडीला जे जपलं तसं आळीत कोणी स्वतःच्या गाडीला जपलेलं नाही. रोज सकाळी चर्चच्या सहाच्या घंटेला सुरू करायची, जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. स्टॉपवॉच लावून. एक दिवस चुकवला नाही, मोतीबिंदूचे अकरा दिवस सोडून. तेव्हा रोवेनाने, म्हणजे माझ्या मुलीने, मला बोरिवलीला डांबून ठेवलं होतं. हे सगळं रजिस्टरमध्ये आहे. तारीख, सुरू, बंद, शेरा.

एकतीस वर्षं मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. वॉर्म-अप केल्याशिवाय एकाही मुलाला मैदानात पळू दिलं नाही. यंत्राचंही तसंच असतं. तेव्हा खराबी माझ्याकडून झालेली नाही, हे नक्की. उरतो एकच माणूस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सुरू ६.००, बंद ६.०५.

हरेश्वरला बोलावलं. सरळ विचारलं, गाडी बाहेर पळवतोस का? मीटरची केबल काढून?

तो म्हणाला, "सर, ही गाडी पळवून मी नेनार कुठं? लग्नाला?"

मी म्हटलं, विनोद नको. इंजिन कुणीतरी पिळलंय.

तो म्हणाला, "बायंची गाडी हाय ती. मी तिला कधी तिसऱ्यात टाकली नाय, चर्चच्या रस्त्याला."

बाय म्हणजे माझी बायको, क्लेमेंटीन. २०१८ मध्ये गेली. तिच्या नावाने मी ही गाडी मंडळाला दिली आणि मागच्या दारावर तिचं नाव लिहून घेतलं. हरेश्वरने तिच्या नावाचा आधार घ्यायला नको होता. मला राग आला. किल्ली ठेवून जा, म्हटलं. त्याने ठेवली. जाताना गाडीच्या मागच्या दाराला हात लावून गेला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुरू ६.००, बंद ६.०५.

विरारकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका वसुंधरा मॅडमचा फोन आला. हरेश्वरने स्कूलबसच्या ड्रायव्हरसाठी अर्ज केलाय आणि ओळख म्हणून माझं नाव दिलंय. अर्ज जानेवारीतला. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे सर, तुम्ही काय सांगाल?

मुलांच्या जिवाचा प्रश्न असेल तर मी खोटं बोलत नाही. सांगितलं की माणूस वक्तशीर आहे, पीत नाही, पण आमच्या गाडीचं इंजिन त्याच्या हातात खराब झालं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत.

पक्कं कायम पगाराचं काम होतं ते, असं नंतर पॉलकडून कळलं. हरेश्वरची मुलगी रोशनी यंदा नर्सिंगला गेली आहे. मला जरा कसंतरी वाटलं. पण खरं ते खरं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सुरू ६.००, बंद ६.०५.

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर मंडळाची सभा. हजर नऊ. ठराव झाला की हरेश्वरला कामावरून मोकळं करावं आणि इंजिन उघडून घ्यावं. सूचक मी. विरोध कोणाचा नाही. एक जण म्हणाला, माणूस तसा चांगला होता. मी म्हटलं, चांगला असणं आणि इंजिन सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज सुरू केली नाही. काल शेवटची केली.

पॉलने गाडी नालासोपाऱ्याला नेली, मी शेजारी. रस्त्यात शववाहिनी बघून दोन वाटसरूंनी हात जोडले. नमस्कार करावा की नाही ते मला कळेना, म्हणून पुढे बघत राहिलो.

पूर्वेला एका गाळ्यात हेमांगीचं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांचं होतं, आता ती चालवते. माझी विद्यार्थिनी. आठशे मीटरला कायम शेवटची. प्रगतीपुस्तकात मी तिच्या नावापुढे 'प्रयत्न कमी' असं लिहिलं होतं. तिला ते आठवतं. चहा देता देता म्हणाली, "सर, मला दमा होता." हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

इंजिन उघडायला चार दिवस लागतील. पॉलने तिला सांगून ठेवलं की ड्रायव्हरने गाडी पिळलेली आहे, तसं कागदावर लिहून दे. ती म्हणाली, आधी बघू दे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सहाची घंटा झाली. अंगणात जाऊन उभा राहिलो. गाडीच्या जागेवर ऑईलचा एकही डाग नाही. पाच मिनिटं झाल्यावर घरात आलो.

शनिवार, १ मार्च

हेमांगीने बोलावलं म्हणून एकटाच गेलो.

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून ठेवलं होतं. चार सिलेंडर, वरून बघितलं तर चार विहिरी. तिने आत झीज मोजायचं डायल गेज सोडलं आणि मला काटा बघायला सांगितला. तळाला काटा हलला नाही. वर आणला तसा सरकत गेला. पहिल्या सिलेंडरला वरच्या बाजूला अठरा शतांश मिलिमीटर झीज. खाली एकसुद्धा नाही. खाली कारखान्यात मारलेल्या बारीक तिरक्या रेषासुद्धा जशाच्या तशा दिसत होत्या.

मी म्हटलं, एकच नळी, एकच पिस्टन तिच्यात वरखाली करतो, मग झीज एका ठिकाणी कशी?

"सर, तुम्ही आम्हाला शटल रन करायला लावायचात. मैदानावरचं गवत कुठलं जायचं?"

"वळायच्या रेषेवरचं."

"तेच. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि वळतो. धावताना पिस्टनवरची रिंग ऑईलवरून घसरते, थांबली की ऑईलचा थर तुटतो. त्यात डिझेल पेटतं तेही वरच, आणि ते रिंगला भिंतीवर दाबतं. खाली पण वळतो, पण खाली ऑईल उडत असतं आणि आगीचा दाब नसतो. म्हणून सिलेंडर कधीच सारखा झिजत नाही. वर जास्त, खाली कमी. परत पिस्टनला खालचा दांडा तिरका ढकलतो, म्हणून एका अंगाला जास्त. गोल भोक लांबट होतं."

मला हे लगेच समजलं. म्हटलं, म्हणजे पळवल्यामुळेच.

"नाही ना सर. पळवून एवढं व्हायला तीन लाख किलोमीटर लागतील. हिचे सहा हजार झालेत." तिने बोट आत फिरवून बाहेर काढलं. लालसर गंज. "ही गंजून गेलीय. गाडी रात्रभर उभी राहिली की वरच्या भिंतीवरचं ऑईल खाली उतरतं. सकाळी चालू केली की पहिले काही क्षण कोरडं घासतं. ते ठीक आहे, सगळ्यांचंच होतं. पण मग गाडी तापायला पाहिजे. थंड भिंतीवर धुराचं पाणी धरतं, त्यात आम्ल असतं, ते लोखंड खातं. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की सगळं उडून जातं. पहिला सिलेंडर जास्त गेलाय कारण रेडिएटरचं थंड पाणी आधी त्याच्याकडे येतं. ही कोणी रोज चालू करून गार असतानाच बंद करत होतं का?"

मी म्हटलं, रोज पाच मिनिटं.

"कोण?"

मी म्हटलं, बॅटरीसाठी.

ती फडक्याला बोट पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही हिला सहा वर्षं नुसतं वॉर्म-अपला बोलावलंत, सर. तोही पुरा होऊ दिला नाही. पळायला कधी सोडलंच नाही. ही धावून झिजलेली नाही, उभी राहून झिजलीय. तुमच्या त्या ड्रायव्हरने खरंच चोरून पळवली असती ना, तर आज चांगली असती."

पुढे ती सिलेंडरच्या आतल्या लायनरबद्दल आणि रिंगांबद्दल बोलली. मी ऐकलं नाही.

रविवार, २ मार्च

मिस्साला गेलो. पॉलने विचारलं, काय निघालं? म्हटलं, रिपोर्ट यायचाय. हे खोटं होतं.

दिवसभर हिशोब केला. रजिस्टरप्रमाणे दोन हजार दोनशे अठरा वेळा. म्हणजे दोन हजार दोनशे अठरा वेळा मीच.

बुधवार, ५ मार्च. राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये पश्चात्तापाची खूण म्हणून कपाळाला राख घेतली आणि तसाच हरेश्वरच्या घरी गेलो. सायकलने, चाळीस मिनिटं. त्याची बायको शकू अंगणात वाल सोलत होती. मला बघून उठली नाही, पण म्हणाली, "बसा. पानी आनते." पाणी आणलं. परत वाल सोलायला लागली.

हरेश्वर शेतावरून आला. मला वाटलं होतं चिडेल. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "गाडी बरी हाय ना?"

मी सगळं सांगितलं. रिंग, आम्ल, शटल रन. जरा जास्तच सविस्तर सांगितलं. मग म्हटलं, चूक माझी होती, मला माफ कर.

तो म्हणाला, "मला सांगून काय व्हनार सर? मला आधीच म्हाईत होतं. ज्यांना सांगितलात त्यांना सांगा."

शकू वालाकडे बघतच म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी तोंडावर सांगितला, तुमच्याच सरांनी नको म्हटलाय. गावभर झाला."

मला लाज वाटली. घरी येताना राख घामाने डोळ्यात गेली.

शुक्रवार, ७ मार्च

रविवारी सभा आहे. हेमांगीचा रिपोर्ट आहे, पण तो पुरणार नाही. तिने लिहिलंय की इंजिन वारंवार थंड स्थितीत सुरू करून लगेच बंद केल्याने झिजलं. पॉल विचारेल, कोणी? मी म्हणेन, मी. तो म्हणेल, सर, त्या माणसाची दया येऊन स्वतःवर घेताय. पॉल तसा आहे. तेव्हा रजिस्टर दाखवायलाच हवं.

अडचण शेऱ्याच्या रकान्याची आहे.

दुपारी जेवून दुसऱ्या वहीत नक्कल करायला बसलो. तारीख, सुरू, बंद. शेरा सोडून. तीन पानं झाली. मग लक्षात आलं की शेऱ्यात हरेश्वरही आहे. मोजलं. सहा वर्षांत एकसष्ट वेळा. 'हरेश्वरने सगळे खड्डे चुकवले.' 'हरेश्वर आजही अनवाणी.' 'पावसात हरेश्वर फाटकापाशी तासभर उभा, छत्री पेटीवर धरून.' त्याच्याविरुद्ध एक ओळ नाही. सगळं माझ्याच अक्षरात. मी हे रोज लिहीत होतो आणि त्यालाच चोर म्हणालो.

शेरा काढला तर त्याची साक्ष जाते. ठेवला तर बाकीचंही लोक वाचणार.

नक्कल फाडून टाकली.

रविवार, ९ मार्च

सभा. हजर नऊ, शिवाय फादर.

रिपोर्ट वाचला. पॉल म्हणाला ते मला वाटलं होतं तसंच. मग मी रजिस्टर दिलं. त्याने पानं उलटली, सुरू-बंद बघितलं आणि विचारलं, "बॅटरीला आठवड्यातून एकदा पुरे, सर. रोज कशाला?" मग तो शेरा वाचायला लागला. मोठ्याने, कारण पॉलला मनात वाचता येत नाही.

"'१९ जानेवारी २०१९. सुरू झाली. आवाज चांगला. हरेश्वर म्हणाला, बायंसारखी शांत गाडी आहे.' '२ जून. जाईला कळ्या. पाणी मी घालतो, पण तुझ्याइतकं जमत नाही.' '१४ ऑगस्ट. रोवेनाचं ठरलं. मुलगा बरा वाटतो. तू असतीस तर आधी त्याच्या आईला बघून आली असतीस.'"

तिथे तो थांबला. मला विचारलं, "तू म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "गाडीवर नाव लिहिलंय ते वाच."

पंखा फिरत होता. मग मला वाटलं की अर्धवट सांगून चालणार नाही, नाहीतर परत हरेश्वरवर येईल. म्हणून उभा राहिलो आणि सांगितलं की सहा वाजता घंटा झाली की मी गाडी सुरू करून पुढच्या सीटवर बसायचो. इंजिन चालू असलं की शेजारी कोणीतरी आहे असं वाटतं. घरात तसं वाटत नाही. पाच मिनिटांत कालचं सगळं तिला सांगून व्हायचं. बॅटरीचं मी स्वतःलाही सांगत होतो. हरेश्वरने काही केलेलं नाही.

खाली बसलो. पॉलने रजिस्टर बंद करून दोन्ही हातांनी परत दिलं. ठराव मागे घेतला. सूचक मी, अनुमोदन पॉल.

सोमवार, १० मार्च

शाळेत गेलो. वसुंधरा मॅडम म्हणाल्या, जागा भरली गेली आहे. मी म्हटलं, ठीक, पण मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, ते लिहून देतो. लिहून दिलं. रजिस्टरही पुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, जूनमध्ये दुसरी बस येतेय, त्याला अर्ज द्यायला सांगा. मी म्हटलं, अर्ज जानेवारीतलाच धरा.

बाहेर मैदानावर मुलं शटल रन करत होती. दोन्ही टोकांना गवत नव्हतं. तिथे थोडी माती टाकायला हवी, हे शिपायाला सांगितलं.

रविवार, ६ एप्रिल

गाडी आली. नवे लायनर, नवे पिस्टन. हेमांगीने अटी घातल्या आहेत: उभी ठेवून चालू करायची नाही, आठवड्यातून एकदा तीस किलोमीटर न्यायची, पूर्ण तापल्याशिवाय बंद करायची नाही. खाली तिने लिहिलंय, 'प्रयत्न चांगला.' हे तिने कुणाबद्दल लिहिलं ते कळलं नाही.

हरेश्वर आला. चपला काढल्या. म्हणाला, "मी नेतो दर रविवारी. पन सर, तुमी बाजूला बसायचं. बायंना माझ्याशी बोलायची सवय नाय."

मनोरपर्यंत जाऊन आलो. जाताना मी काही बोललो नाही. येताना तो म्हणाला, "आता तापली. बोला." मग तो पूर्ण रस्ता मोठ्याने चर्चची गीतं म्हणत राहिला, म्हणजे मी काय बोलतो ते त्याला ऐकू येऊ नये. सगळी गीतं त्याला खरंच पाठ आहेत. आवाज पॉलपेक्षा बरा आहे.

किल्ली त्याच्याकडेच ठेवली. त्याने मागितली नव्हती.

सोमवार, २१ एप्रिल

काल पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण झाला. रोवेना आणि जावई आज सकाळी गेले. शाळेचं पत्र आल्याचं हरेश्वरने फोनवर सांगितलं, जूनपासून. शकूनेही फोन घेतला. म्हणाली, वाल ठेवलाय, येऊन न्या.

सहाची घंटा झाली तेव्हा सवयीने खिशात हात घातला. किल्ली नव्हती. चालत दफनभूमीपर्यंत गेलो. सव्वा किलोमीटर, सोळा मिनिटं, अंग चांगलं तापलं. फाटकाबाहेर थांबायला गाडी नव्हती, म्हणून आत गेलो. फाटकाच्या बिजागरीला ऑईल हवं, पॉलला सांगायचं. क्लेमेंटीनच्या क्रॉसवर शेवाळ धरलंय. सहा वर्षांत मी एकदाही आत आलो नव्हतो, हे तिला सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

सुरू ६.१६. बंद ७.०५.

शेरा: पाच मिनिटांत होणारं नव्हतं.